न वाजणारी खुर्ची

“माणूस साऱ्या जगाला फसवू शकतो, स्वतःच्या शरीराला नाही.”

वाक्य ज्या आवाजात उच्चारलं गेलं, त्या आवाजाला शोभेल असंच होतं. भरदार, स्वच्छ, ऐकणाऱ्याने उगाचच पाठ ताठ करून बसावं असा. बोलणारे गृहस्थ दारात उभे होते. त्यांच्या डाव्या पायात चप्पल होती. उजवी जिन्यातच राहिली होती, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“तुमची दुसरी चप्पल?” तपासनीसबाईंनी विचारलं.

गृहस्थांनी खाली पाहिलं. पाहिल्यावरच त्यांना कळलं. आवाजातला सगळा भरदारपणा एकदम उतरला.

“हेच,” ते म्हणाले. “ह्याच्यासाठीच आलोय.”

तपासनीसबाई पूर्वी विमा कंपनीत होत्या. गोदाम जळालं की जाळलं, हे राखेत उभं राहून सांगण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीला पाटी लावली. सोबतीला त्यांचे थोरले भाऊ, दादा. दादा गुरांचे डॉक्टर, तेही निवृत्त. आजाऱ्याने स्वतः तोंडाने तक्रार सांगावी याची त्यांना आयुष्यभर सवय नव्हती. त्यामुळे माणसं बोलायला लागली की त्यांचं लक्ष उडायचं.

दादा जिन्यातून चप्पल घेऊन आले. पाहुण्यांनी ती पायात घालण्याचा प्रयत्न केला. अंगठा तीनदा चुकला. शेवटी त्यांनी हाताने पाय धरून, एखाद्या परक्या वस्तूसारखा, चपलेत बसवला.

“मी निवेदक आहे,” ते म्हणाले. “सकाळच्या बातम्या वाचतो. ऐकलं असेल.”

“रोज,” बाई म्हणाल्या.

“माझा खून होतोय, बाई. हप्त्याहप्त्याने.”

चहा आला. निवेदक सांगत गेले. सुरुवात तळव्यांपासून झाली. मुंग्या. मग जमिनीवर कापूस अंथरल्यासारखं वाटायला लागलं. आता गुडघ्यापर्यंत पाय आपले नाहीतच. डोळे मिटून तोंड धुवायला गेलं की तोल जातो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. बातम्यांचा कागद उलटायला गेलं की दोन उलटतात. परवा पुराच्या बातमीतून थेट हवामानात शिरले.

“डॉक्टर?”

“एक सोडला नाही. मेंदूचा झाला, मणक्याचा झाला, डोळ्यांचा, हृदयाचा. कान-नाक-घशाचा झाला. मशीनमध्ये घालून फोटो काढले. सगळं नॉर्मल. एकाने तर अभिनंदन केलं. रक्त तेवढं कमी आहे म्हणतात. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, रक्त तिथेच. शेवटचा म्हणाला, ताण आहे, सुट्टी घ्या. आणि मनाच्या डॉक्टरचं कार्ड दिलं.”

“गेलात?”

“गेलो. तो म्हणाला, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा.”

दादा खोखो हसले. निवेदक हसले नाहीत. ओठ मिटून नुसते बघत राहिले. त्यांच्याजवळून पुदिन्याचा वास येत होता, सकाळी आंघोळ करून आलेल्या माणसाचा येतो तसा. समोरचं बिस्कीट त्यांनी चहात बुडवलं आणि ते पार विरघळेपर्यंत धरून ठेवलं. बिस्किटाचा इतका सावकाश शेवट दादांनी पाहिला नव्हता.

“आजार नाही असं सगळे म्हणतात, आणि मी तर रोज थोडा थोडा जातोय,” निवेदक म्हणाले. “मग उरलं काय? विष. घरात बायको आहे. तिचा भाऊ आहे, आमच्याकडेच राहतो. कसलीशी ताकदीची पूड विकतो आणि मला आग्रहाने देतो. स्टुडिओत धाकटी निवेदिका आहे. मला रोज कॉफी आणून देते. महिनाअखेरीला ठरणार आहे, सकाळच्या बातम्या माझ्याकडे राहणार की तिच्याकडे जाणार.”

“तुम्हाला कोण वाटतं?”

निवेदकांनी कप बाजूला सारला.

“रात्री बायको शेजारी झोपलेली असते. मी जागा असतो. पाय जळत असतात. आणि मी विचार करतो, ही तर नसेल? बाई, ती नाही एवढं जरी सिद्ध केलंत ना, तरी पाय गेले तर जाऊ देत.”

दादा उठले. त्यांनी निवेदकांना उभं केलं, पाय जुळवायला लावले आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच तो उंचापुरा माणूस झाड कलतं तसा कलला. दादांनी खांदा दिला.

“हं,” ते म्हणाले. “कोकरं अशीच डुलतात.”

“दादा, पाहुणे आहेत ते.”

“मी कुठं काय वाईट बोललो? कोकरं गोड असतात.”

*

निवेदकांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या भिंतीवर, हात टेकतो त्या उंचीवर, रंग काळपट झाला होता. बाई तो पट्टा बघत बघत वर गेल्या, मागून दादा.

निवेदक कामावर गेले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं. बारीक अंगाची, झपझप बोलणारी बाई. तिच्या हातात सुरी होती, आणि सुरीला सफरचंद.

“तपासाला आलात ना? या. त्यांनी मला सांगितलं नाही, पण माझ्याकडे असं बघून गेले की मीच ओळखलं. बसा. हे डब्यात भरते आणि येते.”

ती सफरचंदाच्या चकत्या करत होती. त्यातून पलीकडचं दिसावं इतक्या पातळ. मधूनच एखादी स्वतःच्या तोंडात टाकत होती.

“त्यांना अशाच लागतात?” बाईंनी विचारलं.

“ते कधी काही मागत नाहीत. मीच करते.”

“स्वयंपाक?”

“तिघांचा एकच. एकाच भांड्यातला. मला काही झालेलं नाही, दुर्दैवाने.” तिने डोळे पुसले आणि लगेच सुरीही पुसली. “बाई, खरं सांगू का, मला वेगळाच संशय आहे. त्यांचं दुसरीकडे काहीतरी आहे.”

“कशावरून?”

“औषधाचं दुकान आमच्या खालीच आहे. हे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जातात. पडत-झडत जातात, पण जातात. सकाळी न्हाणीघरात शिरले की आतून कडी. नळ सोडलेला. अर्धा अर्धा तास. मी कधी आत गेलेली त्यांना चालत नाही. तोंडाला सदा पुदिन्याचा वास. आमच्याकडे टूथपेस्ट लवंगाची आहे. त्यांची नळी वेगळी ठेवते मी. ती संपतच नाही. मग हा पुदिना कुठला?”

“फोटो काढायला मशीनमध्ये घातलं, तेव्हा तुम्ही बरोबर होतात?”

“येऊ कुठं दिलं! तू घाबरशील म्हणाले. मी काय घाबरणार? मशीनमध्ये हे जाणार होते.”

तेवढ्यात आतून मेहुणा आला. गुबगुबीत, प्रसन्न, हातात डबा. डब्यावर एक पैलवान हसत होता.

“ताई म्हणते तुम्हाला माझा संशय आहे. घ्या, तपासून घ्या. मी स्वतः दोन्ही वेळा घेतो.” त्याने तिथेच चमचाभर पूड तोंडात टाकली. खोकला. “भावजींना मी रोज देतो. पण एक सांगू? ते घेत नाहीत. खिडकीतल्या कुंडीत ओततात. मी बघितलंय.”

“आणि तरी देता?”

“आता झाडासाठी देतो.”

खिडकीतलं झाड खरोखरच डेरेदार होतं. दादांनी पान चुरगाळून हुंगलं आणि मान हलवली. या पुडीने काही होत असेल तर ते चांगलंच होत होतं.

निघताना बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. काळी, चाकांची, ऑफिसात असते तशी. घरातल्या बाकीच्या सामानात ती उपरी वाटत होती.

“ही त्यांच्या स्टुडिओतली,” बायको म्हणाली. “वाजते म्हणून तिकडे भंगारात काढली, तर घेऊन आले. चपला घालायला बरी पडते.”

बाई पुढे झुकल्या, मागे रेलल्या, डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. पाय उचलून स्वतःला जरा हलवूनही पाहिलं. दादा शरमले.

“छोटे, चल आता. वय काय आपलं?”

“थांब रे दादा. ऐकतेय.”

“काय? काहीच तर वाजत नाहीये.”

“तेच ऐकतेय,” बाई म्हणाल्या.

*

स्टुडिओत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे स्वतःचा श्वास. भिंती कापडाने मढवलेल्या. दादांच्या पोटात गुरगुरलं ते काचेपलीकडच्या माणसाने मान वर करून ऐकलं.

धाकटी निवेदिका त्यांना बाहेरच्या बाकावर घेऊन बसली.

“कॉफी ना? मशीनमधली आहे. दोन पेले काढते, कुठलाही एक सरांना देते. आणि खरं सांगायचं तर सर पीतच नाहीत. समोर ठेवून गार करतात.” तिने ओढणी सारखी केली. “मला सकाळच्या बातम्या हव्यात का, हेही विचारायचंय ना तुम्हाला? हव्यात. कुणाला नको असतील? पण अशा नको. परवा ते भिंत धरून आले. मी हात दिला तर म्हणाले, खाली काहीतरी सांडलंय वाटतं. काही सांडलं नव्हतं.”

“त्यांच्या वाचण्यात काही फरक?”

“वाचणं झकास. उलट मध्यंतरी बिघडलं होतं, ते सुधारलं. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या बातम्यांत मध्येच एक आवाज यायचा. टक. बारीक. घरी ऐकणाऱ्याला कळणार नाही, पण आमच्या माईकला सगळं कळतं. काचेपलीकडचे वैतागले होते. सर म्हणाले, खुर्ची वाजतेय. म्हणून खुर्ची बदलली.”

“आणि आवाज थांबला?”

“लगेच नाही. आठवडाभर होता. मग थांबला. नवी खुर्ची रुळली असेल.”

“बातम्यांच्या आधी ते काय करतात?”

“पिशवी घेऊन हात धुवायला जातात. दर बातमीपत्राच्या आधी. सकाळपासून चारदा तरी.” ती ओशाळली. “आम्ही चेष्टा करायचो. देव पुजायला गेले म्हणायचो. आता नाही करत.”

काचेपलीकडे निवेदक वाचायला बसले होते. आवाज तोच, डोंगर हलला तरी हलणार नाही असा. टेबलाखाली मात्र त्यांचे दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबलेले होते. पाय जागेवर आहेत ना, याची ते खात्री करून घेत होते.

*

परतताना बाई गप्प होत्या. दादांना गप्प बसवत नाही.

“मला विचारशील तर मेहुणा. एवढा प्रसन्न माणूस मी फक्त दलालांत पाहिलाय.”

“दादा, ती तुझी कोकरं का डुलायची?”

“कोकरं? तांबं कमी पडलं की. आईच्या पोटातच कण्यातला मज्जारज्जू नीट होत नाही. मागचे पाय आपले आहेत हे बिचाऱ्यांना कळत नाही. अंगात रक्तही कमी. लोह पाजलं तरी वाढत नाही, कारण लोह वापरायलाही तांबं लागतं.”

“म्हणजे चाऱ्यात तांबं नव्हतं.”

“बहुतेक वेळा. एका कळपात मात्र चारा उत्तम होता. आम्ही डोकं खाजवत बसलो. शेवटी कळलं, पाण्याची टाकी जस्ताचा मुलामा दिलेली, आणि मुलामा सुटत चाललेला. जस्त जास्त पोटात गेलं की ते तांब्याला आत शिरूच देत नाही. टाकी बदलली. पुढची कोकरं टणाटण उड्या मारायला लागली.”

“आणि आधीची? जी डुलत होती ती?”

दादांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“ती डुलतच राहिली, छोटे.”

बाईंनी गाडी वळवली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका औषधाच्या दुकानासमोर उभी केली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे निवेदकांच्या दिवाणखान्यात जमले. बायको सोफ्याच्या टोकाला, मेहुणा डबा मांडीवर घेऊन, धाकटी निवेदिका दाराजवळच्या काळ्या खुर्चीत, पळून जाता यावं अशी. निवेदक सर्वांत लांब बसले होते.

“आधी तुमच्याशी एकट्याशी बोलू का?” बाईंनी त्यांना विचारलं. “तसं बरं होईल.”

“नाही. सगळ्यांसमोर. मला त्या माणसाचा चेहरा बघायचाय.”

“बघा विचार करून.”

“बाई, माझे पाय गेलेत. आता मला कसली लाज?”

“ठीक आहे.” बाई बसल्या. “पहिली गोष्ट. जेवणात विष नाही. एका भांड्यातलं तिघं जेवतात, दोघं झपझप चालतात. पुडीत नाही, ती कुंडीत जाते आणि झाड वाढतंय. कॉफीतही नाही, ती तुम्ही पीतच नाही. संशयित तीन, आणि तिघांच्याही हातून तुमच्या पोटात वेगळं असं काहीच जात नाही. मग तुमच्या एकट्याच्या पोटात जाणारं असं काय उरलं?”

मेहुण्याने डबा मांडीवरून खाली ठेवला.

“मला त्या खुर्चीने सांगितलं. स्टुडिओत टक आवाज यायचा. दोष खुर्चीला दिला. आता ती खुर्ची इथे आहे, आणि तिच्यावर काल मी इतकी हलले की दादांना लाज वाटली. वाजली नाही. आजही वाजत नाहीये, आणि तिच्यावर बसलेली मुलगी सारखी चुळबुळ करतेय.”

धाकटी निवेदिका स्तब्ध झाली.

“नवी खुर्ची आल्यावरही आठवडाभर आवाज होता. म्हणजे खुर्ची निर्दोष. मग माईकसमोर दुसरं काय होतं? बोलणारा. बोलणाऱ्याचं तोंड. ज्या तोंडाला पुदिन्याचा वास येतो, पण ज्याची टूथपेस्ट संपत नाही. जे बिस्कीट चावत नाही, विरघळवतं. जे हसताना मिटलेलं असतं. ज्याच्यासाठी न्हाणीघराला कडी लागते, आणि मशीनमध्ये जाताना बायकोला घरी ठेवावं लागतं. कारण त्या मशीनमध्ये शिरण्याआधी माणसाला अंगावरचं सगळं काढायला लावतात. सगळं.”

निवेदकांनी तोंडावर हात धरला.

“तुम्ही म्हणालात, एक डॉक्टर सोडला नाही. डोळे झाले, कान झाले, नाक झालं, घसा झाला. या सगळ्याच्या मधोमध जे आहे, त्याचा डॉक्टर तेवढा राहिला.”

बाईंनी पिशवीतून एक नळी काढून टेबलावर ठेवली. पांढरी, हिरव्या टोपणाची.

“कवळी चिकटवायची पेस्ट. पुदिन्याच्या वासाची. दुकानदार म्हणाला, एक गिऱ्हाईक आहे, दर दोन-तीन दिवसांनी नवी नळी नेतं. त्याला वाटलं तुम्ही वृद्धाश्रम चालवता. मागे लिहिलंय, थोडी लावा, दिवसातून एकदा. तुम्ही दर बातमीपत्राआधी लावता, भरपूर लावता, कारण हिरड्या झिजल्या, कवळी सैल झाली आणि माईकला कळायला लागलं. लावलेली पेस्ट जाते कुठं? पोटात. आणि या पेस्टमध्ये जस्त आहे. पुढचं दादा सांगतील.”

“मी?” दादा दचकले. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजाडलं. “टाकी!” ते ओरडले. “अरे, ही तर टाकी आहे!”

त्यांनी कोकरांची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी कुणाचंही लक्ष उडालं नाही. शेवटच्या वाक्यापाशी मात्र त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि ते वाक्य गिळलं.

“म्हणजे,” मेहुणा म्हणाला, “भावजींना भावजींनीच...”

“तू गप्प बस,” बायको म्हणाली.

निवेदक उठायला गेले. पायांनी ऐकलं नाही. ते परत बसले. तो प्रसिद्ध आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

“कॉलेजात सायकलवरून पडलो. वरचे सगळे गेले. तुला बघायला आलो तेव्हाही होती. मला सांगायचं होतं. मग राहून गेलं. मग इतकी वर्षं झाली की...”

“मला माहीत आहे,” बायको म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“कवळी. लग्नानंतर लगेचच कळलं. तुम्ही झोपेत होतात, तोंड उघडं होतं, आणि ती जरा खाली आली होती. मी बोटाने वर ढकलली. सफरचंदाच्या चकत्या मी काय हौसेने करते?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही लपवायला एवढे कष्ट घेत होतात. मला मोडवेना.”

खोलीत काही क्षण फक्त काळ्या खुर्चीचं न वाजणं ऐकू आलं.

“पुदिना मात्र कळला नाही,” ती नळी हातात घेऊन म्हणाली. “मला वाटलं, कुणीतरी आहे.” आणि मग अगदी हळू, बाईंकडे बघून: “मी बोलले असते, तर?”

गोदामं जळाल्यावर मालक असंच विचारायचे. बाईंनी तेव्हाही कधी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातली नळी घेऊन टोपण घट्ट लावलं.

निवेदक बायकोकडे बघत होते. “मला वाटत होतं, तू...”

“ते पण माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या हाताकडे बघत जेवायचात. उठा. उद्या रक्त द्यायला जायचंय.”

*

रक्तात जस्त भरपूर निघालं आणि तांबं जवळजवळ नव्हतंच. मेंदूच्या डॉक्टरांनी केस फार मनोरंजक असल्याचं सांगितलं आणि नळीचा फोटो काढून घेतला. पेस्ट बंद झाली, तांबं सुरू झालं. रक्त भराभर वाढलं. हातांच्या मुंग्या कमी झाल्या, बटणं लागायला लागली. पाय तिथेच थांबले; पुढे गेले नाहीत, मागेही फारसे आले नाहीत. निवेदक आता काठी घेऊन चालतात. अंधारात बायकोचा दंड धरतात. पायात चप्पल आहे की नाही, हे अजूनही बघूनच सांगतात.

सकाळच्या बातम्या त्यांच्याकडेच राहिल्या. धाकट्या निवेदिकेने संध्याकाळच्या मागून घेतल्या.

नवी कवळी करून घेतली. बरी बसते, पण जोडाक्षर आलं की वाजते, पूर्वीपेक्षा मोठ्याने. गेले सहा महिने रोज सकाळी, बातम्यांच्या मधोमध, साऱ्या शहराला टक असा आवाज ऐकू जातो.

अजून एकाही श्रोत्याची तक्रार आलेली नाही.